नळाची लाइन तांब्याची की प्लास्टिकची? आधी पाणी बघा, मग जोडणारा हात

गेल्या वर्षी आमचं बाथरूम फोडलं, तेव्हा भिंतीतून निघालेल्या जी.आय., म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचा वीतभर तुकडा मी ठेवून दिला आहे. इमारत १९९४ची. बाहेरून पाइप ठीक दिसतो. जस्ताचा मुलामा काही ठिकाणी गेलेला, थोडा गंज, एवढंच. पण टोकाला डोळा लावला की आत तपकिरी खवलेच खवले आणि मधोमध जेमतेम पेन्सिल शिरेल एवढी वाट. दरवर्षी शॉवरची धार बारीक होत गेली आणि आम्ही शॉवर बदलत राहिलो.

मी घरबांधणीच्या साइटवर काम करते, सतरा वर्षं झाली. जी.आय. नको, हे आता घर बांधणाऱ्या बहुतेकांना पटलेलं असतं. पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मॅडम, पैसे जास्त गेले तरी चालतील, पण लाइन एकदाच टाकायची आहे. तांब्याची टाकू का?’ त्यामागे बहुधा दोन गोष्टी असतात. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणारी मुलगी नाहीतर भाऊ सांगतो की आमच्याकडे भिंतीत तांब्याच्याच नळ्या आहेत. आणि दुसरं, तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं असतं, मग पाइपही तांब्याचाच का नको?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. माझं उत्तर असं आहे की आपल्याकडच्या बहुतेक घरांना सीपीव्हीसी हे गरम पाणी सोसणारं प्लास्टिक पुरतं आणि शोभतं, काही थोड्या जागी तांबंच हवं, आणि काही गावांत तांबं चुकूनही टाकू नये. कुठे काय, हे तीन गोष्टींवर ठरतं: पाणी कसं आहे, ते किती तापणार आहे, आणि जोड कोण करणार आहे. पाइपची किंमत त्यानंतर येते.

प्लास्टिक म्हणजे नेमकं कोणतं?

दुकानात ‘प्लास्टिकचा पाइप’ मागितला तर चार वेगळ्या वस्तू पुढे येऊ शकतात. पांढरा यूपीव्हीसी, फिकट पिवळसर सीपीव्हीसी, बहुधा हिरवा पीपीआर, आणि प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा असलेला कॉम्पोझिट पाइप. यांची सरमिसळ झाली की घोटाळे होतात.

यूपीव्हीसी फक्त थंड पाण्यासाठी. त्याचं भारतीय मानक, आय.एस. ४९८५, पाण्याचं तापमान ४५ अंशांपर्यंतच धरतं. आपल्या अंघोळीचं पाणी गिझरमधून ५५-६० अंशांवर निघतं. मी एका घरात गरम पाण्याच्या लाइनीला यूपीव्हीसी टाकलेला पाहिला आहे. वर्षभरात दोन क्लॅम्पच्या मध्ये पाइप झोळीसारखा खाली आला होता.

सीपीव्हीसी म्हणजे पीव्हीसीमध्येच आणखी क्लोरीन बसवलेला. साध्या पीव्हीसीत वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतं, सीपीव्हीसीत ते ६७ टक्क्यांच्या आसपास नेतात. क्लोरीनचे मोठे अणू प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्यांना जास्त ठिकाणी धरून ठेवतात. त्यामुळे साखळ्या एकमेकींवरून घसरायला जास्त उष्णता लागते आणि पाइप उशिरा मऊ पडतो. ९३ अंश ही त्याची वरची मर्यादा.

पण एक बाब विक्रेते सांगत नाहीत. तापमान वाढतं तशी त्याची ताकद उतरत जाते. एस.डी.आर. ११ या जाड प्रकारचा पाइप २३ अंशांना दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २८ किलो दाब सोसतो. तोच पाइप ८२ अंशांना ७ किलो सोसतो, म्हणजे पाव. तांब्याचं असं होत नाही. घरातल्या कुठल्याही तापमानाने त्याच्या ताकदीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

मग हे ७ किलो कमी आहेत का? हिशेब करून बघा. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो. दुमजली बंगल्याच्या गच्चीवर टाकी असेल तर तळमजल्याच्या नळाला जेमतेम पाऊण-एक किलो मिळतो. प्रेशर पंप लावला तरी दोन-तीन किलो. म्हणजे दाबाच्या भीतीने बंगल्यात तांबं टाकण्याचं कारण नाही. उंच इमारतीत गोष्ट वेगळी. तिथे वीस मजल्यांच्या टाकीचं पाणी थेट खाली आलं तर दाब सहा किलोंपर्यंत जातो, म्हणून मध्ये दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवावेच लागतात.

पीपीआर चांगला आहे, पण त्याचे जोड तापवून वितळवून करावे लागतात. ते मशीन आणि सराव असलेला माणूस मिळाला तरच त्याच्या वाटेला जा.

अर्धा इंच म्हणजे अर्धा इंच नव्हे

हा भाग मी स्वतः चुकून शिकले. आमच्या बाथरूममध्ये अर्ध्या इंचाचा जी.आय. होता. प्लंबर म्हणाला, ‘मॅडम, अर्ध्याच्या जागी अर्धाच टाकू.’ मी हो म्हटलं. लाइन झाली, टाइल बसल्या, नवा शॉवर सुरू केला आणि धार अपेक्षेपेक्षा बरीच हलकी. गंजलेल्या पाइपपेक्षा बरी, इतकंच.

नंतर कॅलिपर लावून मोजलं. अर्धा इंची मध्यम जी.आय. पाइप आतून सुमारे १६ मिलिमीटर असतो. अर्धा इंची सीपीव्हीसी एस.डी.आर. ११ आतून साडेबारा. ऐकायला साडेतीन मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण पाणी वाहतं ते गोलाच्या क्षेत्रफळातून. ते काढलं तर नव्या जी.आय.च्या फक्त ६१ टक्के वाट उरते. तांब्याची १५ मिलिमीटरची नळी पातळ भिंतीची असते, म्हणून ती आतून साडेतेरा मिलिमीटरच्या पुढे मिळते. ती सीपीव्हीसीपेक्षा मोकळी, जी.आय.पेक्षा अरुंद.

म्हणून वरच्या टाकीवर चालणाऱ्या घरात जी.आय.च्या अर्ध्याच्या जागी सीपीव्हीसीचा पाऊण इंची घ्या. तो आतून १८ मिलिमीटर भरतो. फक्त शेवटचा एका नळापुरता फाटा अर्धा इंची ठेवा. प्रेशर पंप असेल तर अर्ध्यावर भागतं. हे एक वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं, तर माझ्या टाइल वाचल्या असत्या.

तांब्याच्या भांड्याचा आणि तांब्याच्या नळीचा फरक

तांबं जंतू मारतं, हे खरं आहे. रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेल्या पाण्यातले जिवाणू सकाळपर्यंत खूप कमी होतात, हे प्रयोगशाळेतही दिसलेलं आहे. पण त्यात ‘रात्रभर’ हा शब्द महत्त्वाचा. तांब्याचे अगदी सूक्ष्म कण पाण्यात उतरायला आणि त्यांचं काम व्हायला तासन् तास लागतात. नळ सोडल्यावर पाणी टाकीपासून तोटीपर्यंत काही सेकंदांत पोचतं. तेवढ्यात तांबं काय करणार? पाण्याची शुद्धता टाकी साफ ठेवण्यावर आणि क्लोरीनवर अवलंबून आहे. त्यासाठी भिंतीत तांबं घालू नका.

उलट बाजूही आपल्या घरातच आहे. आजी तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई केल्याशिवाय त्यात ताक, आमटी, चिंचेचं काही ठेवू देत नसे. आंबट पदार्थात तांबं विरघळतं आणि पदार्थ कळकतो, म्हणून आतून कथलाचा थर. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतून बंब घेतलेल्या पिढीला हे सांगावं लागत नाही. नळीला मात्र आतून कल्हई नसते. पाणी आंबट असेल, म्हणजे आम्लधर्मी असेल, तर ते नळी खातं.

आणि असं पाणी आपल्या राज्यात आहे. कोकणात जांभ्या दगडात खोदलेल्या विहिरींचं पाणी गोड लागतं, साबणाला भरपूर फेस येतो, भांड्यावर डाग पडत नाहीत. पण त्यात क्षार कमी आणि पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (जितका कमी तितकं पाणी आम्लधर्मी), अनेकदा साडेसहाच्या खाली असतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आय.एस. १०५००, पीएच साडेसहा ते साडेआठ असावा असं सांगतं.

देवगडजवळ माझ्या मामांचं घर आहे. मुंबईहून निवृत्त होऊन गेले तेव्हा त्यांनी हौसेने बाथरूमची गरम पाण्याची लाइन तांब्याची करून घेतली. काम सुरेख झालं होतं. दुसऱ्या वर्षी पांढऱ्या बेसिनमध्ये, जिथे नळ ठिबकतो नेमक्या त्या रेषेत, निळसर हिरवा ओघळ उमटला. मामी लिंबाची फोड फिरवायच्या, डाग जायचा, महिन्याभरात परत यायचा. मी त्यांना विचारलं, ‘मामी, सकाळच्या पहिल्या पाण्याला काही चव येते का?’ म्हणाल्या, ‘येते गं, जिभेला तुरट लागतं. मला वाटलं विहिरीचंच असेल.’ पाचव्या वर्षी स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला ओल आली. भिंत उकरली तर नळीला टाचणीने टोचल्यासारखं भोक होतं आणि भोकाभोवती हिरवी पूड जमली होती. प्लंबरची चूक नव्हती, नळीही अस्सल होती. पाणी रोज थोडं थोडं तांबं घेऊन जात होतं. बेसिनवरचा ओघळ तेच सांगत होता, आम्हाला ते वाचता आलं नाही.

तांबं अन्नातून थोडं लागतंच, पण जास्त झालं की मळमळ, पोटदुखी होते. त्याच मानकात तांब्याची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. रात्रभर नळीत साचलेलं आम्लधर्मी पाणी ही मर्यादा ओलांडू शकतं. लहान मूल घरात असेल तर हे गंभीरपणे घ्या. तांब्याची लाइन आधीच टाकलेली असेल, तर सकाळचं पहिलं पाणी बादलीत सोडून झाडांना घाला आणि नंतरचं प्यायला भरा.

देशावर उलट चित्र. मराठवाड्यात किंवा पश्चिम महाराष्ट्राच्या बेसॉल्ट पठारावर बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्याने गिझरची कॉइल पांढरी होते, नळाच्या जाळीत खडे अडकतात, पण तांब्याला ते साधारणपणे खात नाही. क्षारांचा पातळ थर नळीला आतून झाकतो. तिथे तांबं टिकतं. मात्र हेच क्षार गरम पाण्याच्या लाइनीत बसायला लागले की वाट अरुंद होते. सीपीव्हीसी आतून गुळगुळीत असल्यामुळे त्याला क्षार कमी धरतात.

पाणी कोणत्या प्रकारचं आहे हे अंदाजाने ठरवू नका. विहीर किंवा बोअर असेल तर बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत द्या आणि पीएच, जडपणा, क्लोराइड एवढं तपासून घ्या. घराच्या खर्चात हा खर्च कुठेच दिसणार नाही.

उष्णता, वाट बघणं आणि गच्चीवरचा सोलर

तांबं उष्णता वाहून नेण्यात सीपीव्हीसीच्या हजारो पट पुढे आहे. यावरून लोकांना वाटतं, तांब्याच्या नळीत पाणी लगेच गार होईल. इतका फरक पडत नाही. नळी कितीही उत्तम वाहक असली तरी तिच्या बाहेरची हवा उष्णता सावकाश घेते, आणि सगळा वेग त्या हवेवर अडतो. तरीही उघड्यावरच्या तांब्याच्या लाइनीला फोमचं आवरण हवंच. सीपीव्हीसीलाही घातलं तर चांगलं, पण नाही घातलं तर नुकसान कमी.

रोज जाणवतं ते वेगळंच: गरम पाणी यायला लागणारा वेळ. लाइनीत रात्रीचं गार पाणी भरलेलं असतं आणि ते आधी बाहेर पडावं लागतं. दहा मीटर लांबीच्या अर्धा इंची सीपीव्हीसीत सव्वा लिटर पाणी मावतं, पाऊण इंचीत अडीच लिटरच्या वर. म्हणजे वर मी पाऊण इंची घ्या म्हटलं ते गरम लाइनीला डोळे मिटून लावू नका. गिझर बाथरूममध्येच असेल तर गरम लाइन अर्धा इंची आणि शक्य तितकी आखूड ठेवा. पाणीटंचाईच्या गावात दिवसातून चार-पाच वेळा दोन-दोन लिटर वाहून जाणं परवडत नाही.

आता सोलर. पुण्यात आणि आसपास गच्च्यांवर सोलर वॉटर हीटर भरपूर आहेत, आणि इथेच प्लास्टिकची खरी परीक्षा होते. मे महिन्यात घर आठ दिवस बंद राहिलं, पाणी कुणी वापरलं नाही, तर काचनळ्यांच्या सोलरमधलं पाणी उकळीच्या जवळ जातं. ९३ अंशांची मर्यादा तिथे ओलांडली जाऊ शकते. म्हणून सोलरच्या टाकीतून निघणारे पहिले दोन-तीन मीटर मी कायम धातूचेच ठेवायला सांगते. तांबं परवडत असेल तर ते पैसे इथे घाला. सपाट काचेच्या जुन्या सोलरमध्ये आतल्या नळ्या तांब्याच्याच असतात, त्याला कारण आहे.

सोलरची लाइन लांबते आणि आखडते तीही पाहण्यासारखी असते. पंधरा मीटरची लाइन, पहाटेपासून दुपारपर्यंत ५० अंशांचा फरक. तांब्याची नळी तेवढ्यात सव्वा सेंटिमीटर वाढते. सीपीव्हीसी जवळजवळ पावणेपाच सेंटिमीटर. पीपीआर अकरा. दोन्ही टोकं घट्ट बांधून ठेवली तर ही वाढ जाणार कुठे? पाइप धनुष्यासारखा वाकतो, कोपऱ्यातला जोड, म्हणजे एल्बो, ताणला जातो आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिथूनच फुटतो. उपाय साधा आहे. मध्ये चौकोनी वळसा द्यायचा आणि क्लॅम्प असे लावायचे की पाइप त्यांच्यातून सरकू शकेल.

गच्चीवर आणखी एक शत्रू म्हणजे ऊन. उघडा सीपीव्हीसी काही वर्षांत रंग सोडतो आणि ठिसूळ होतो. त्याला पाण्यात मिसळणारा पांढरा ॲक्रिलिक रंग द्या. ऑइल पेंट देऊ नका, त्यातले द्रव पदार्थ सीपीव्हीसीला चिरा पाडतात. वाळवीच्या औषधाचंही तेच. फवारणीवाल्याला पाइप कुठून गेलेत ते आधी दाखवा.

गळतो तो जोड

सतरा वर्षांत मी अखंड पाइप मधूनच फुटलेला फार थोडा पाहिला: उंदराने कुरतडलेला, खिळा ठोकलेला, उन्हाने तडकलेला किंवा मामांकडच्यासारखा पाण्याने खाल्लेला. बाकी सगळ्या गळत्या जोडांच्या. म्हणून पाइप निवडताना मी आधी विचारते, जोड कोण करणार?

सीपीव्हीसीचा जोड हा डिंकाने चिकटवलेला जोड नाही. सोल्व्हंट सिमेंट पाइपचा वरचा थर आणि फिटिंगचा आतला थर विरघळवतं आणि ते दोन थर एकमेकांत मिसळून वाळतात. नीट झालेला जोड म्हणजे एकच वस्तू. पण नीट म्हणजे कसा? पाइप कटरने काटकोनात कापलेला हवा. करवतीने वेडावाकडा कापून कडेला लोंबणारे तुसे तसेच ठेवलेले नकोत. कोरडाच फिटिंगमध्ये घालून बघायचा. तो सहज शेवटपर्यंत गेला तर फिटिंग सैल आहे, परत करा. निम्म्याच्या आसपास जाऊन घट्ट व्हायला हवा. मग पाइपला आणि फिटिंगला आतून सिमेंट, दाबून घालताना पाव फेरा, आणि अर्धा मिनिट हात तसाच. ही शेवटची पायरी सगळ्यात जास्त चुकते. ओला जोड हळूच मागे सरकतो, बाहेरून दिसत नाही. आणि एक: यूपीव्हीसीचं सिमेंट वेगळं, सीपीव्हीसीचं वेगळं. एकाच डब्यातून दोन्ही उरकणारा माणूस दिसला तर काम थांबवा.

नळाच्या तोंडाशी, जिथे आटे येतात, तिथे पितळी आट्यांचं फिटिंग आणि टेफ्लॉन टेप. जी.आय.च्या सवयीने सफेदा आणि सुतळी लावून पान्ह्याने करकचून आवळलं की प्लास्टिकमध्ये बारीक तडा जातो. तो त्या दिवशी गळत नाही, सहा महिन्यांनी गळतो.

तांब्याचा जोड हे वेगळंच कसब. मी पहिल्यांदा जवळून पाहिला तो एका वयस्कर मिस्त्रीकाकांचा. त्यांनी नळीचं टोक बारीक एमरीने घासून नव्या पैशासारखं चमकवलं, सोल्डर, म्हणजे जोडाचा वितळणारा धातू, नीट पसरावा म्हणून फ्लक्सचं बोट फिरवलं, फिटिंग चढवलं आणि ज्योत फिटिंगच्या अंगावर धरली. सोल्डरची तार ज्योतीत नाही, ज्योतीच्या विरुद्ध बाजूला नळीला टेकवली. तार टेकताक्षणी वितळली आणि क्षणात पूर्ण गोलाभोवती चंदेरी रेघ फिरली. ज्योत खाली होती तरी धातू वरही चढला. समईच्या वातीत तेल चढतं त्याच तत्त्वावर तो फटीत ओढला जातो. काका ओल्या फडक्याने जोड पुसत म्हणाले, ‘हे फ्लक्स राहिलं ना, तर नळी आतूनबाहेरून सडवतं. पुसणं विसरायचं नाही.’ सोल्डर शिशाविना आहे याची पिण्याच्या पाण्यासाठी खात्री करावी लागते, हेही त्यांनीच सांगितलं.

असा हात किती गावांत मिळतो? अमेरिकेत, इंग्लंडमध्ये प्लास्टिक येण्याआधीच तांब्याची पद्धत रुजली, प्लंबर तेच शिकून तयार झाले, आणि अमेरिकेत लाकडी चौकटींच्या भिंती पोकळ असल्याने नळीपर्यंत पोचणंही सोपं. आपल्याकडे तालुक्याच्या गावी तांबं जोडणारा माणूस बहुधा एसी-फ्रिजवाला असतो, आणि नळी विटांच्या भिंतीत प्लास्टरखाली पुरलेली. तिथे गळती झाली तर दुरुस्तीला कोण येईल, हे आधी विचारा. अमेरिकेतही आता नव्या घरांत पेक्स नावाचं लवचीक प्लास्टिक जास्त टाकतात. अर्थात प्लास्टिकवर आंधळा विश्वास ठेवण्याचीही किंमत त्यांनी मोजली आहे. १९७८ ते १९९५ या काळात तिथे लाखो घरांत पॉलिब्युटिलीन नावाचे स्वस्त पाइप टाकले गेले. पाण्यातल्या क्लोरीनने पाइप आणि फिटिंग ठिसूळ झाली, घरं भिजली, खटले झाले आणि तो पाइप बाजारातूनच गेला.

म्हणून पाइपवरची छापील ओळ वाचा. सीपीव्हीसी असेल तर आय.एस. १५७७८, एस.डी.आर. ११, माप आणि बॅच क्रमांक ठरावीक अंतराने दिसायला हवं. यूपीव्हीसीमध्ये पूर्वी शिशाचे क्षार मिसळत असत. त्यावर केंद्र सरकारने २०२१मध्ये नियम केले. ओळखीच्या दुकानात पडून असलेला जुना, बिनशिक्क्याचा माल स्वस्तात मिळतो म्हणून पिण्याच्या लाइनीला वापरू नका.

एकत्र करताना

तांबं आणि जी.आय. थेट जोडले तर पाण्यात त्यांची बॅटरी तयार होते आणि जी.आय. झिजतो. मध्ये पितळी तुकडा किंवा वीज पुढे जाऊ न देणारा जोड (डायइलेक्ट्रिक युनियन) घाला. पाण्याच्या वाटेवर तांबं आधी आणि जी.आय. नंतर, अशी रचना तर नकोच. तांब्याचे कण वाहत जाऊन जी.आय.वर बसतात आणि तिथे खड्डे पाडतात.

आणि हे विशेष लक्षात ठेवा: काही जुन्या घरांत गिझरची अर्थिंगची तार पाण्याच्या जी.आय. लाइनीला बांधलेली असते. पद्धत चुकीची, पण आहे. तो पाइप काढून सीपीव्हीसी टाकलात की अर्थिंग गेलं, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. प्लास्टिक वीज वाहून नेत नाही. लाइन बदलण्याच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवून गिझरचं अर्थिंग तपासून घ्या. यात जीव जाऊ शकतो.

पैशाचं

१५ मिलिमीटरची, पाऊण मिलिमीटरहून थोडी पातळ भिंतीची तांब्याची नळी मीटरला सुमारे २८० ग्रॅम भरते. दोन बेडरूमच्या घराला साठ मीटर लाइन धरली तर १७ किलो तांबं. त्या दिवसाच्या किलोच्या भावाने गुणा, म्हणजे नुसत्या धातूची किंमत कळेल. नळीची किंमत, फिटिंग आणि मजुरी त्याच्या वर. तेवढ्याच लाइनीला सीपीव्हीसी सात किलोंच्या आसपास लागतो, आणि प्लास्टिकचा किलो तांब्याच्या किलोच्या जवळपासही नसतो. शिवाय बांधकाम चालू असताना साइटवरून तांबं चोरीला जातं, हा धोका वेगळा.

मी माझ्या घरात काय केलं? थंड आणि गरम, दोन्ही सीपीव्हीसी, सगळीकडे एस.डी.आर. ११. गच्चीवरच्या सोलरपासून खाली येणारे पहिले अडीच मीटर तांबं, फोमचं आवरण घालून. वाचलेले पैसे चांगल्या फिटिंगांवर आणि दोन दिवसांच्या जास्तीच्या मजुरीवर घातले. देवगडला मामांकडे तांबं काढलं, सगळं सीपीव्हीसी केलं.

मजुरीचे ते दोन दिवस दाबाच्या चाचणीसाठी होते. जोड चोवीस तास वाळू दिले. नळांच्या जागी डमी लावून सगळी तोंडं बंद केली, लाइनीतली हवा काढली, हातपंपाने दहा किलोपर्यंत दाब चढवला आणि व्हॉल्व्ह बंद केला. भिंतीतल्या सगळ्या झिऱ्यांचे फोटो काढले, शेजारी मोजपट्टी धरून, म्हणजे पुढे कधी खिळा ठोकताना पाइप कुठे आहे ते कळावं. संध्याकाळी गेजचा काटा साडेनऊवर आला. प्लंबरदादा म्हणाले, ‘मॅडम, पाइप थोडा ताणतो, एवढं चालतंय.’ मी म्हटलं, ‘दादा, परत दहा करा, सकाळी बघू.’ सकाळी काटा नऊवर. गरम लाइनीच्या खालच्या एल्बोला बोट लावलं तर किंचित ओलं. एल्बो कापून नवा टाकला, आणखी एक दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी सकाळी काटा दहावरून हलला नव्हता. मग टाइलवाल्याला फोन केला.